मुंबई टेस्टनेट

पॉलिगॉन (पूर्वीचे मॅटिक नेटवर्क) या ब्लॉकचेनचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मेननेटवर (खऱ्या व्यवहारांच्या मुख्य जाळ्यावर) नेण्याआधी तपासून पाहण्यासाठी चालवलेले सार्वजनिक चाचणी-जाळे. साखळी क्रमांक 80001. मॅटिकची स्थापना जयंती कानाणी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017 साली मुंबईत केली. इथेरियमवरचे व्यवहार स्वस्त आणि जलद करणे हा तिचा उद्देश. मेननेट 31 मे 2020 पासून टप्प्याटप्प्याने खुले झाले. चाचणी-जाळ्याला नाव देशाच्या आर्थिक राजधानीचे असले, तरी तिथली नाणी फुकट मिळत आणि त्यांना बाजारभाव नसे.

पॉलिगॉनचा डोलारा दोन प्रणालींवर उभा आहे. ब्लॉक तयार करणारी ‘बोर’ इथेरियमच्या ‘गेथ’ या सॉफ्टवेअरवरून घेतलेली आहे, व्हॅलिडेटरांचे (ठेव ठेवून व्यवहार पडताळणाऱ्यांचे) एकमत सांभाळणारी ‘हाइमडॉल’ मुळात टेंडरमिंट या एकमत-प्रणालीवर बेतलेली होती. नवी आवृत्ती आधी बीटा म्हणून निघे, मुंबईवर चाले आणि मग मेननेटकडे जाई. नियमच बदलणार असतील (हार्ड फोर्क), तर बदल लागू होण्याचा ब्लॉक क्रमांक आधी जाहीर होतो आणि त्याआधी व्हॅलिडेटरांनी नवी आवृत्ती बसवायची असते. ‘दिल्ली’ फोर्क 17 जानेवारी 2023 रोजी ब्लॉक 38189056 ला लागू झाला. एका उत्पादकाच्या सलग ब्लॉकांची संख्या त्याने 64 वरून 16 वर आणली. (जयपूर, इंदूर, अहमदाबाद, भिलाई अशी इतर फोर्कांची नावे पाहिली की रेल्वेचे वेळापत्रक हाती आल्यासारखे वाटते.) विकसकांनी ‘तयार’ म्हटले तरी पुरेसे नसते, दोन-तृतीयांशांहून अधिक ठेव असलेल्या व्हॅलिडेटरांनी ती आवृत्ती स्वीकारली, तरच साखळी पुढे चालते.

आवृत्तीचा आकडा पाहून परिपक्वता जोखण्यात फारसा अर्थ नाही. दिल्ली फोर्कच्या वेळी अब्जावधी डॉलरची मालमत्ता साखळीवर असताना बोरचा आवृत्ती-क्रमांक 1 च्याही खाली होता. बिटकॉइन कोअरने तर 2009 पासून शून्याने सुरू होणारे क्रमांकच वापरले आणि 2021 साली 0.21 नंतर थेट 22.0 काढली. तिथे आधी ‘उमेदवार आवृत्ती’ सर्वांसाठी खुली होते. गंभीर दोष सापडला तर दुसरी निघते, नाही तर तीच अंतिम ठरते.

टेस्टनेटची मर्यादा डिसेंबर 2021 मध्ये उघडी पडली. मॅटिक नाण्याच्या करारातील एका हस्तांतरण-क्रियेत पाठवणाऱ्याची शिल्लक तपासलीच जात नव्हती. साखळी सुरू झाल्यापासून हा दोष तिथेच होता. एकूण 10 अब्ज नाण्यांपैकी सुमारे 9.27 अब्ज त्यामुळे धोक्यात होती. 3 डिसेंबरला एका नैतिक हॅकरने तो इम्युनिफाय या बक्षीस-मंचावरून कळवला; दुरुस्ती 5 तारखेला ब्लॉक 22156660 ला गुपचूप लागू झाली. दरम्यान 801601 मॅटिक चोरीला गेलेच. खुलासा 29 डिसेंबरला झाला. त्या हॅकरला आणि तोच दोष कळवणाऱ्या आणखी एकाला मिळून सुमारे 34.6 लाख डॉलर दिले गेले. मुक्तस्रोताच्या तत्त्वाला ही गुप्तता खटकते, पण दोष आधी जाहीर केला असता तर चोरांनाच वाट दाखवल्यासारखे झाले असते. फुकटच्या नाण्यांवर कोणी दरोडा घालत नाही, त्यामुळे अशा चुका चाचणी-जाळ्यात वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. सुधारणाही धोका आणू शकते: मार्च 2022 मध्ये हाइमडॉलच्या सुधारणेनंतर व्हॅलिडेटरांचे एकमत तुटले आणि मेननेट सुमारे 11 तास थांबले.

मुंबई ज्या ‘गोएर्ली’ या इथेरियमच्या चाचणी-जाळ्याला जोडलेली होती, तेच मोडीत निघाल्याने 13 एप्रिल 2024 रोजी ती बंद झाली. तिची जागा ‘सेपोलिया’ला जोडलेल्या ‘अमॉय’ने (साखळी क्रमांक 80002) घेतली. जुलै 2025 मध्ये हाइमडॉलची दुसरी पिढी मेननेटवर आली. त्याच महिन्याच्या 30 तारखेला एक व्हॅलिडेटर बाहेर पडताच ती सुमारे तासभर बंद पडली. बोर मात्र ब्लॉक तयार करीत राहिली.