गावाला आलेलं अनुदान कुणाच्या खात्यात गेलं? ई-ग्रामस्वराजवरून मोबाईलवर असं तपासा



मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या गावच्या सरपंच माझ्या चुलतभावाच्या पत्नी आहेत, म्हणजे माझ्या वहिनी. रात्री पारावर बसून पोरांना ई-ग्रामस्वराज अ‍ॅप कसं वापरायचं ते दाखवत होतो. आमचीच ग्रामपंचायत उघडली. एलईडी पथदिव्यांचं काम दिसलं. नंतर वेबसाइटवर व्हाउचर पाहिलं तर पूर्ण बिल अदा झालेलं. एक पोरगा म्हणाला, "दादा, आपण तर अंधारात बसलोय!"

दुसऱ्या दिवशी आम्ही गावभर फिरून दिवे मोजले. बिल २० दिव्यांचं होतं आणि खांबांवर दिवे होते १४. घरी येऊन वहिनींना सांगितलं तर त्या चक्रावल्याच. "भाऊजी, मी तर या बिलावर सही केलेलीच नाही!" पण सरपंचाच्या सहीशिवाय पैसे जातच नाहीत. मग सही झाली कशी? त्याचं उत्तर पुढे येईलच.

या लेखात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत: सरकारी अनुदानाचे पैसे कोणकोणाच्या हातातून जातात, त्यात कोण कशासाठी जबाबदार असतं, आणि तुम्ही-आम्ही मोबाईलवरून काय तपासू शकतो.

आधी पैशाची साखळी समजून घ्या

उदाहरण म्हणून आपण वित्त आयोगाचं अनुदान घेऊ, कारण ते जवळपास प्रत्येक ग्रामपंचायतीला माहीत असतं. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. २०२६-२७ पासूनची पाच वर्षं १६व्या वित्त आयोगाची आहेत. आकडे आणि अटी आयोगागणिक बदलतात, साखळी मात्र साधारण अशीच असते:

- केंद्र सरकार राज्याला पैसे देतं.
- राज्य ते पैसे जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीला वाटून देतं. १५व्या आयोगाच्या अटीनुसार हे १० कामकाजाच्या दिवसांत करायचं होतं. उशीर झाला तर राज्याने व्याजासह पैसे द्यायचे.
- ग्रामपंचायत आराखड्यातलं काम करून घेते.
- काम करणारा ठेकेदार किंवा माल देणारा पुरवठादार बिल लावतो आणि पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जातात.

या पैशांचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त स्वच्छता आणि पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं अशा कामांसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण अबंधित म्हणजे वाट्टेल तसं नाही. त्यातून पगार आणि कार्यालयीन आस्थापनेचा खर्च करता येत नाही.

ग्रामपंचायत आणि पुरवठादार यांच्यात फरक काय?

मित्रांनो, अख्ख्या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

ग्रामपंचायत ही अनुदान *घेणारी* संस्था आहे. कोणतं काम करायचं हे ती ठरवते, नियम तिला लागू होतात, हिशोब तिला द्यावा लागतो. पुरवठादार मात्र *विकणारा* असतो. त्याने ठरलेला माल ठरलेल्या दर्जाचा दिला, बिल घेतलं, की हमीचा काळ सोडला तर त्याचा विषय संपला. अमेरिकेच्या केंद्र सरकारी अनुदानांच्या नियमावलीतही अनुदानाचा पुढचा हिस्सा घेणारी संस्था आणि साधा ठेकेदार यांच्यात स्पष्ट फरक केलेला आहे, आणि दोघांवर देखरेख करायची पद्धत वेगळी आहे.

थोडक्यात सांगायचं तर काम दुसऱ्याला देता येतं, पण उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्याला देता येत नाही. पुरवठादाराने सहा दिवे कमी दिले तर लेखापरीक्षणात प्रश्न ग्रामपंचायतीला विचारला जाणार. "त्याने फसवलं हो," हे तिथे पुरेसं उत्तर नाही. "तुम्ही मोजून घेतलं का?" हा पुढचा प्रश्न येतोच.

मोबाईलवर कसं पाहायचं?

ई-ग्रामस्वराज हे पंचायती राज मंत्रालयाचं अ‍ॅप आणि वेबसाइट आहे. २४ एप्रिल २०२० ला, पंचायती राज दिनी, ते सुरू झालं. माहिती पाहायला लॉगिन लागत नाही.

१. प्ले स्टोअरवरून ई-ग्रामस्वराज अ‍ॅप घ्या.
२. राज्य, जिल्हा, तालुका आणि तुमची ग्रामपंचायत निवडा.
३. आर्थिक वर्ष निवडा. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, हे लक्षात ठेवा.
४. आता मुख्य तीन भाग दिसतील. पहिल्यात निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींची माहिती, दुसऱ्यात मंजूर कामं, तिसऱ्यात आर्थिक प्रगती.
५. मंजूर कामांच्या यादीत काम आणि त्याची रक्कम बघा. मग आर्थिक प्रगतीत किती जमा झाले, किती खर्च झाले ते बघा.
६. आणखी खोलात जायचं असेल तर ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडा. तिथल्या लेखाविषयक अहवालांत व्हाउचरनिहाय तपशील मिळतो.

स्क्रीनशॉट काढून ठेवा. नोंदी नंतर दुरुस्त होऊ शकतात, म्हणून तुम्ही कोणत्या तारखेला काय पाहिलं हे हाताशी असलेलं बरं.

पुरवठादार खरा आहे का?

बिलाची प्रत मिळाली तर त्यावरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अंक-अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. जीएसटीच्या अधिकृत पोर्टलवर 'करदाता शोधा' या सुविधेत हा क्रमांक टाका, लॉगिन न करता माहिती येईल. तीन गोष्टी तपासा:

- बिलावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळतं का?
- नोंदणी चालू आहे की रद्द झालेली?
- नोंदणीची तारीख बिलाच्या आधीची आहे ना?

जीएसटी क्रमांक नाही म्हणजे लगेच घोटाळा समजू नका. छोट्या व्यावसायिकांना ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नसते. पण बिलावर जीएसटी लावलाय आणि नोंदणी सापडत नाही, तर मात्र विचारायलाच हवं.

जागेवर जा आणि मोजा

अ‍ॅप सांगतं की पैसे गेले. काम झालं का, हे अ‍ॅपला माहीत नसतं. कामाचे जिओटॅग केलेले फोटो तीन टप्प्यांत घ्यायचे असतात: सुरू होण्याआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर. पण एका खांबावरचा दिवा फोटोत आला म्हणून बाकीचे १९ लागले असं होत नाही.

तुम्हीही पुरावा नीट घ्या:

- कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा, म्हणजे फोटोच्या आत जागा आणि वेळ नोंदली जाते.
- फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की ती माहिती निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा.
- मोजता येईल ते मोजा. दिवे असतील तर नग, रस्ता असेल तर लांबी-रुंदी, पाइप असेल तर मीटर.

ही मोजणी ज्याच्याशी ताडून बघायची ती कागदपत्रं म्हणजे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका. मोजमाप पुस्तिकेत अभियंता जागेवरची मापं लिहितो. बिल त्यावरून निघायला हवं. माल आला की तो साठा नोंदवहीत चढायला हवा. आमच्याकडे साठा नोंदवहीत २० दिवे चढवले होते, तेही खोका न उघडता.

आता सहीची गोष्ट

ई-ग्रामस्वराज आणि केंद्राची पीएफएमएस प्रणाली जोडलेली आहे. पुरवठादाराची आणि त्याच्या बँक खात्याची आधी नोंद करावी लागते. पेमेंट करताना एक जण तयार करतो, दुसरा मंजूर करतो. आपल्याकडे ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच, अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ही सही पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते. गावाकडे त्याला सगळे 'डोंगल'च म्हणतात. सोबत पिन असतो.

दोन माणसं कशाला? तर एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी म्हणून. आमच्याकडे काय झालं होतं? दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्यांवर पिनची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवलेली. प्रणालीच्या दृष्टीने दोन माणसांनी तपासून सह्या केल्या होत्या. प्रत्यक्षात एकाच मुलाने दोनदा क्लिक केलं होतं. तो वाईट नव्हता. मार्चअखेर होती, वरून "खर्च दाखवा" म्हणून रोज फोन येत होते, आणि पुरवठादार "उरलेले दिवे आठवड्यात देतो" म्हणाला होता.

पण कायदा काय म्हणतो बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपल्या सहीची खासगी किल्ली नीट सांभाळणं ही सहीधारकाची जबाबदारी आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर लगेच प्रमाणन संस्थेला कळवायचं. कळवेपर्यंत जबाबदारी सहीधारकाचीच. हे मी वहिनींना मोबाईलवर वाचून दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. भाऊ माझ्यावर चिडला. म्हणाला, "घरच्याच माणसाला अडकवतोस का?" मी म्हटलं, "अरे, वहिनी आत्ताच अडकलेल्या आहेत. आपल्याला त्यांना बाहेर काढायचंय."

तुमच्या घरात कुणी सरपंच असेल, विशेषतः नव्याने निवडून आलेली आई, काकू, वहिनी असेल, तर एवढं एक काम आजच करा: डोंगल कुठे आहे ते विचारा. ते घरी आणा, पिन बदला, आणि बिल वाचल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

कमी-जास्त आढळलं तर काय करायचं?

१. आधी विचारा. ग्रामसेवक आणि सरपंच यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कधीकधी साधी नोंदीची चूक निघते.
२. ग्रामसभेत मांडा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.
३. माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. या कायद्यात कागदांच्या प्रतींसोबत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा.
४. वर तक्रार करा. आधी पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. स्क्रीनशॉट, फोटो आणि मोजणी जोडा.

फोटो टाकून "चोर" म्हणत गावच्या ग्रुपवर फिरवू नका. तुमच्याकडे फरकाचा पुरावा आहे, चोरीचा नाही. तो फरक कशामुळे पडला हे ठरवणारे अधिकारी वेगळे आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गावात काम झालंय पण अ‍ॅपवर दिसत नाही. घोटाळा आहे का?*
असेलच असं नाही. आमदार निधी किंवा बांधकाम विभागाचं काम ग्रामपंचायतीच्या हिशोबात येणार नाही. आधी कामाच्या फलकावर निधीचं नाव वाचा.

*जेम पोर्टलवरून खरेदी केली तर तपासायची गरज नाही ना?*
आहे. एप्रिल २०२३ मध्ये ई-ग्रामस्वराज आणि जेम जोडले गेले, त्यामुळे दर आणि विक्रेता शोधणं सोपं झालं. पण आलेला खोका उघडून नग मोजायचं काम पोर्टल करत नाही.

*लेखापरीक्षण होतंच की, मग आपण कशाला?*
ते होतं, पण नंतर होतं, आणि बहुतेक कागदांवरून होतं. तुम्ही रोज त्या खांबाखालून जाता.

आमच्या दिव्यांचं काय झालं?

वहिनींनी स्वतःच्या सहीने पुरवठादाराला पत्र पाठवलं. गटविकास अधिकाऱ्यांना स्वतःहून कळवलं की तपासणी न करता पेमेंट गेलं आहे. तीन आठवड्यांनी सहा दिवे आले. या वेळी खोके ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उघडले आणि पोरांनी नग मोजले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वहिनींनी पूर्ण वर्षाची व्हाउचरं मोठ्याने वाचून दाखवली, हे व्हाउचर धरून. खाली बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "मग आधी मोजलं का नाही?" वहिनी म्हणाल्या, "चुकलं माझं. आता मोजल्याशिवाय सही नाही."

त्या नोंदीवर लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकतो, हे त्यांना माहीत आहे. उत्तर त्यांनाच द्यायचंय. डोंगल आता त्यांच्या कपाटात असतं, आणि बिल मंजूर करायच्या आधी कुणीतरी पोरगा गावभर चक्कर मारून येतो.

तर मित्रांनो, आज रात्री पाच मिनिटं काढा. अ‍ॅप उघडा, आपली ग्रामपंचायत निवडा आणि एकच पूर्ण झालेलं काम शोधा. उद्या सकाळी तिथे जाऊन मोजून या.