उभ्या इंजिनाचा आवाज

गेल्या दिवाळीत अण्णा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना मागची खोली दाखवली. तिथे प्लायवूडच्या लांबलचक पाटावर माझी आगगाडी आहे. "या वयात खेळणी?" हा प्रश्न नातेवाईकांपैकी बहुतेकांनी विचारून झालेला असल्यामुळे त्याचं उत्तर पुन्हा देत नाही. :)

अण्णा सेंट्रल रेल्वेत ड्रायव्हर होते. कर्जतच्या क्वार्टर्समध्ये आमचं बालपण गेलं. यार्डात खेकडे उभे असायचे. खेकडा म्हणजे जीआयपी रेल्वेच्या काळातलं, १९२८ च्या सुमारास आलेलं मालगाडीचं विजेचं इंजिन. कागदोपत्री नाव आधी ईएफ-१, नंतर डब्ल्यूसीजी-१. दोन्ही बाजूंना लांब नाकं, मध्ये केबिन, चाकांना जोडणारे दांडे. पहिली काही इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. स्विस रेल्वेच्या प्रसिद्ध 'क्रोकोडाईल' इंजिनाची ही भावंडंच. तिकडे मगर, आपल्याकडे खेकडा!

तर या क्रोकोडाईलचं एक जुनं मॉडेल मी मिळवलं, प्लास्टिकच्या पत्र्याने त्याचं नाक-डोकं बदललं, रंग दिला आणि खेकडा बनवला. आवाजासाठी आत एक स्वस्तातली सर्किट-पट्टी बसवली. अडीच मीटर लांबीत जवळजवळ पावणेसात सेंटिमीटर चढ दिला. भोर घाटाचा चढ सदतिसात एक आहे, त्याच हिशोबाने. अण्णांनी सगळं नीट पाहिलं. गाडी दोन फेऱ्या मारून थांबली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "पण हे थांबल्यावर मुकं का होतं रे? खेकडा उभा असला की कण्हायचा. चालताना काय, सगळीच इंजिनं ओरडतात."

आता यावर काय बोलणार? अण्णांनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. साध्या मॉडेलमध्ये रुळांतून जाणाऱ्या विजेचा दाब कमी-जास्त करून वेग ठरतो. दाब शून्य केला की गाडी थांबते. पण आवाजाची पट्टीही त्याच विजेवर जगते. म्हणजे इंजिन थांबलं की आवाजही मेला. रात्री झोप येईना म्हणून या दुखण्याचा इतिहास वाचत बसलो, आणि लक्षात आलं की गेली ऐंशी-नव्वद वर्षं अनेक हुशार माणसं याच कोड्याशी झटत आली आहेत. आवाज आणि ताबा हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत.

सुरुवात अमेरिकेतून करू. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली जोशुआ लायोनेल कॉवेनने काढलेली लायोनेल कंपनी खेळण्यातल्या विजेच्या गाड्या करायची. १९३५ मध्ये तिने शिट्टी वाजवणारी गाडी आणली. कोळशाच्या डब्यात एक छोटा पंखा हवा फुंकायचा आणि खरीखुरी शिट्टी वाजायची. गंमत ती वाजवण्याच्या युक्तीत आहे. गाडी एसीवर धावायची. बटण दाबलं की त्याच रुळांत थोडा डीसी मिसळला जायचा. इंजिनाच्या मोटरला त्याचं सोयरसुतक नसे, पण डब्यातला एक रिले तेवढ्या डीसीची वाट बघत बसलेला असायचा. म्हणजे एकाच तारेतून दोन निरोप: एक 'चाल' आणि एक 'वाज'. पुढे जे जे झालं त्याचं बीज मला इथेच दिसतं.

१९४६ मध्ये लायोनेलने रेडिओ लहरींनी गाडी चालवणारा संचही काढला. तो महाग होता आणि जेमतेम १९४९ पर्यंत टिकला. त्याच १९४६ साली एमआयटीमध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. आपल्यातल्या संगणकवाल्यांना हे नाव ठाऊक असेल. त्या क्लबात दोन जातीची मुलं होती. काही झाडं-डोंगर-स्टेशनं रंगवणारी, तर काही पाटाच्या खाली घुसून टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले जोडणारी. कोणती गाडी कोणत्या रुळावर आणि ती कोणाच्या ताब्यात, हे त्या रिलेंच्या जंजाळातून ठरायचं. 'हॅक' हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आणण्याचं बरंचसं श्रेय या पाटाखालच्या मंडळींना जातं. यांच्यातलेच काही जण पुढे पीडीपी-१ संगणकापाशी जाऊन बसले आणि १९६२ पर्यंत 'स्पेसवॉर' हा खेळ उभा राहिला. आम्हा आयटीवाल्यांचं एक मूळ असं आगगाडीच्या पाटाखाली आहे, हे कळल्यावर बायकोसमोर छाती थोडी फुगवून घेतली. तिने फक्त "पाटाखालचा केर कधी काढणार?" एवढंच विचारलं.

या रिलेंची गरज का पडायची? कारण दाब बदलून गाडी चालवायची तर त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच पळणार. म्हणून रुळांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण, आणि गाडी पुढे सरकली की बटणं बदलत धावायचं. म्हणजे माणूस गाडी चालवत नव्हता, रूळ चालवत होता. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर नाहीच, सगळे केबिनवाले!"

आवाजाच्या बाजूला १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पॅसिफिक फास्ट मेल या कंपनीने एक सुंदर उपाय काढला. वाफेच्या इंजिनाच्या चाकाच्या कण्यावर एक संपर्क-पट्टी बसवायची. चाक फिरेल तसा संपर्क जुळेल-तुटेल, आणि त्या ठेक्यावर 'भक् भक्' वाजेल. आवाज तयार व्हायचा बाहेरच्या पेटीत आणि रुळांतूनच इंजिनातल्या स्पीकरपर्यंत जायचा. इंजिनाचा श्वास आणि चाक यांची सांगड बसली. पण एका पेटीचा आवाज एकाच इंजिनाचा. दोन इंजिनांनी एका यार्डात आपापल्या सुरात उभं राहणं अजून दूर होतं.

त्यासाठी विचार उलटा करावा लागला. रुळांत वीज कायम ठेवायची आणि हुकूम वेगळा पाठवायचा. जनरल इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये ॲस्ट्रॅक नावाच्या यंत्रणेत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरून पाच इंजिनं स्वतंत्र चालवून दाखवली होती. इंग्लंडच्या हॉर्नबीने १९७९ मध्ये झीरो-१ काढलं, त्यात सोळा इंजिनं. जर्मनीत मेर्क्लिनने १९८० च्या दशकाच्या मध्यात आपली डिजिटल यंत्रणा आणली. पण प्रत्येकाची भाषा वेगळी. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर बहिरं. अखेर अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा पाया घेऊन एक सामाईक प्रमाण ठरवलं. १९९३ मध्ये मसुदा छापून आला आणि पुढच्या वर्षी तो स्वीकारला गेला. यालाच डीसीसी म्हणतात.

डीसीसीची कल्पना अगदी आपल्या पोस्टमनसारखी आहे. रुळांत वीज पूर्ण दाबाने कायम असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद राहिली तर तो 'एक', १०० किंवा जास्त राहिली तर 'शून्य'. अशा एक-शून्यांचं पाकीट बनतं: वर पत्ता, आत हुकूम, शेवटी चूक तपासायचा आकडा. पाकीट रुळावरच्या प्रत्येक इंजिनाच्या दारात जातं. ज्याचं नाव त्यानेच उघडायचं. नवीन इंजिनाचा पत्ता बहुधा ३ असतो, तो बदलून घ्यायचा असतो. मी पहिल्या दिवशी विसरलो. एकाला हाक मारली आणि दोघं निघाले, एकमेकांच्या दिशेने! नुकसान एका बफरवर निभावलं.

आता मुख्य मुद्दा. रुळांत वीज कायम, म्हणजे उभ्या इंजिनालाही अन्न मिळतं. ते थांबूनही जिवंत असतं. १९९० च्या दशकात आवाजाचे डिकोडर आले ते या पायावर. आणखी एक करामत म्हणजे डिकोडर मोटरची वीज क्षणभर तोडतो. त्या क्षणी फिरती मोटर स्वतःच जनित्र होते. तिने तयार केलेला दाब मोजून खरा वेग कळतो. चढावर वेग पडला की डिकोडर जास्त जोर लावतो, आणि आवाजही घुसमटल्यासारखा करता येतो.

या इतिहासातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. नील यंग हा मोठा रॉक गायक. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी. बापलेकांनी आगगाडी खेळायची तर मुलाच्या हाताला छोटी बटणं दाबता येत नाहीत. म्हणून बापाने मोठं लाल बटण असलेला नियंत्रक करवून घेतला. त्यातून तो या तंत्रज्ञानात इतका खोल शिरला की पेटंटवर त्याचं नाव लागलं, लायोनेलसाठी नियंत्रण आणि आवाजाच्या नव्या यंत्रणा घडवण्यात त्याचा हात होता, आणि १९९५ मध्ये कंपनी विकत घेणाऱ्या गटातही तो सामील झाला. मला इथे यंत्रापेक्षा ते बटण महत्त्वाचं वाटतं. कोणाच्या हातासाठी करतो आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग मीही डिकोडर आणला. त्यात स्विस क्रोकोडाईलचा तयार आवाज होता. अण्णांनी ऐकला आणि मान हलवली. "हे आपलं नाही." खेकड्याचं स्वच्छ कण्हणं मी बरंच शोधलं, मनासारखं सापडेना. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा आहे, पण तो आता बोलत नाही.

शेवटी अण्णाच म्हणाले, "मी करून दाखवतो." डायनिंग टेबलवर बसून, डोळे मिटून त्यांनी तो आवाज काढला. घशातून, खालच्या पट्टीत, शेवटी किंचित वर जाणारा. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी मध्ये आली. दुसऱ्या वेळी खोकला. तिसऱ्या वेळी जमलं. अकरा सेकंद, एका दमात. वय ब्याऐंशी! संगणकावर त्याची दोन टोकं जुळवून न तुटणारा फेरा केला आणि डिकोडरमध्ये भरला. बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. मोकळा ठेवला तर पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना खातात, म्हणून त्याला बंद डबी करून दिली.

वीज सुरू केली. इंजिन हललं नाही, नुसतं कण्हायला लागलं. अण्णांनी कानाचं मशीन काढून ठेवलं. इतकी वर्षं केबिनमध्ये काढल्यावर कान कितीसे उरणार? त्यांनी तळहात पाटावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता बरोबर आहे," म्हणाले.

कुकर आणि खोकल्याच्या फायली मी पुसलेल्या नाहीत. आत्या, तू वाचत असशील तर सांग, तुला पाठवतो. भावाचा आवाज लगेच ओळखशील.

पुढचं काम बँकरचं. घाट चढताना कर्जतहून मागे लावायचं इंजिन. पुढच्या आणि मागच्या इंजिनाने एकमेकांना समजून जोर लावायचा. डीसीसीत दोन्ही इंजिनांना एका पत्त्यावर बांधता येतं, पण अण्णांना ते मंजूर नाही. मागचं इंजिन पाडव्याला येऊन ते स्वतः चालवणार आहेत. तोवर पाटाखालचा केर काढून ठेवतो.