पातळ हिरडी, जाड हिरडी : नजरेपासून मिलिमीटरपर्यंत

आरशासमोर उभे राहा, वरचा ओठ जरा उचला आणि पटाशीच्या दातांवरची हिरडी पाहा. काहींची हिरडी नाजूक असते, प्रत्येक दातावर खोल कमान करत जाते. काहींची जाडसर असते आणि तिची कड जवळजवळ सरळ दिसते. दोन्ही निरोगीच. मग हा फरक मोजायचा कशाला?

सुरुवात झाली कवट्यांपासून. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या कवट्या तपासून हिर्शफेल्ड यांनी १९२३ मध्ये लिहिले, की दातांवरचे हाड पातळ असेल तर हिरडीही पातळ असावी. कवटीला हिरडी नसते, त्यामुळे तो अंदाजच होता. पण चांगला होता. पुढे १९६९ मध्ये ऑक्सनबाइन आणि रॉस यांनी हिरडीचे जाड-सपाट आणि पातळ-कमानदार असे दोन प्रकार सांगितले. १९७७ मध्ये वाइसगोल्ड यांनी मुद्द्याची गोष्ट मांडली : पातळ हिरडीला धक्का लागला, की ती वर सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते.

पण पातळ म्हणजे किती पातळ? १९९३ मध्ये ओल्सन, लिंडे आणि मारिनेल्लो यांनी १६ ते १९ वर्षांच्या १०८ मुलामुलींच्या वरच्या पुढच्या दातांचा आकार आणि त्यांवरच्या हिरडीचे गुणधर्म मोजले. तरुण वय मला इथे योग्य वाटते, कारण पुढे वर्षानुवर्षांचे घासणे आणि आजार हिरडीचे मूळ रूप बदलून टाकतात. १९९७ मध्ये जर्मनीत म्युलर आणि एगर यांनी तरुण पुरुषांच्या हिरडीची जाडी अल्ट्रासाउंडने मोजली. त्याआधी भूल देऊन सुई टोचून जाडी पाहत असत. कोण रोज तयार होणार त्याला!

बेल्जियममधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधी पद्धत १०० निरोगी व्यक्तींवर वापरून पाहिली. दात आणि हिरडीच्या फटीत प्रोब, म्हणजे खुणा असलेली बोथट बारीक सळई, हलकेच घालायची. हिरडीतून ती आरपार दिसली तर हिरडी पातळ, नाही दिसली तर जाड. साधारण एक तृतीयांश लोकांचे दात निमुळते आणि हिरडी पातळ निघाली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने आम्हा डॉक्टरांना जमिनीवर आणले. फक्त नजरेने ओळखायला सांगितल्यावर पातळ हिरडीची जवळपास निम्मी माणसे निसटली. अनुभवी डॉक्टरांकडूनसुद्धा!

२०१७ च्या जागतिक परिषदेनंतर १ मिलिमीटर ही सीमा मानली जाते : तेवढी किंवा कमी म्हणजे पातळ, जास्त म्हणजे जाड.

तुम्ही पुढच्या दातांना तारा, कॅप किंवा इम्प्लांट लावून घेणार असाल, तर आधी विचारा, "डॉक्टर, माझी हिरडी प्रोबने तपासली का?" अर्ध्या मिनिटाचे काम आहे. हिरडी पातळ निघाली तरी उपचार बंद होत नाहीत. दात कोणत्या दिशेने सरकवायचा, कॅपची कड कुठे ठेवायची, आधी हिरडी जाड करून घ्यायची का, हे मात्र त्यावर ठरते.