कारेलीबागच्या नळाचं पाणी आणि आदिवासींचा हक्क : नेमका प्रश्न काय?

वडोदऱ्याचा कारेलीबाग हा विश्वामित्री नदीच्या पूर्वेकडचा दाट वस्तीचा भाग. इथल्या नळाला पाणी महापालिका पुरवते. ते किती वाजता येतं, किती दाबाने येतं, याची चर्चा रोज होते. ते कोणाच्या वाट्यातून येतं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. नंदुरबारपासून छोटाउदेपूरपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यासाठी तोच मुख्य प्रश्न आहे.

पाणी येतं कुठून?

शहराचा जुना स्रोत म्हणजे आजवा, अर्थात सयाजी सरोवर. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात, १९ व्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते बांधले गेले. हे पाणी निमेटा येथे शुद्ध होते. दुसरा स्रोत मही नदी. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथे नदीच्या वाळूतून झिरपणारे पाणी खोल विहिरींत गोळा करून उपसले जाते. या विहिरींना ‘फ्रेंच वेल’ म्हणतात. तिसरा स्रोत नर्मदा कालवा.

आजवा तुडुंब भरला की जादा पाणी विश्वामित्रीत सुटते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कारेलीबागसह शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. म्हणजे पाणीपुरवठा आणि नदीचा पूर हे दोन वेगळे विषय नाहीत.

वाटप कसं झालं?

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले. त्यात मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा मिळाला. महाराष्ट्राचा वाटा म्हणजे १०.८९ टीएमसी. गुजरातने आपल्या ९ पैकी १.०६ दशलक्ष एकर-फूट पाणी पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी राखले. वडोदऱ्यासारख्या शहरांचा हिशेब यातूनच निघतो.

हे वाटप राज्याराज्यांत झाले. नदीकाठच्या भिल्ल, पावरा, तडवी गावांचा पाण्याचा वेगळा वाटा त्यात नाही. त्यांच्यासाठी निवाड्यात पुनर्वसन आहे. पाव हिश्श्याहून अधिक जमीन जाणाऱ्या खातेदाराला किमान २ हेक्टर जमीन द्यायची आणि बुडिताच्या किमान एक वर्ष आधी पुनर्वसन पूर्ण करायचे, अशी अट आहे.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावे आली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली. गुजरातची १९ गावे आली. मणिबेलीसारख्या गावांतली काही कुटुंबे तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यात वसवली गेली. काही नदीकाठीच डोंगरावर सरकली. धरणाची उंची १३८.६८ मीटर. २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरले.

महीचंही तसंच आहे. बांसवाड्याचे माही बजाज सागर आणि गुजरातमधले कडाणा, ही दोन्ही धरणे भिल्ल मुलखात आहेत.

कायदा काय म्हणतो?

अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. लहान जलसाठ्यांचे नियोजन योग्य स्तरावरच्या पंचायतीकडे द्यावे आणि प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी, असे तो सांगतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, गुजरातने २०१७ मध्ये. वनहक्क कायदा २००६ मासे आणि जलसाठ्यांतील इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य करतो. पाणलोट आणि जलस्रोत सुरक्षित राहतील हे पाहण्याचा अधिकारही तो ग्रामसभेला देतो.

मेख ‘लहान’ या शब्दात आहे. गावतळं पंचायतीच्या हाती, पण गावाशेजारून वाहणारी मोठी नदी राज्याच्या हाती. आणि सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे.

अमेरिकेत वेगळी वाट आहे. १९०८ च्या ‘विंटर्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की आदिवासींसाठी जमीन राखली म्हणजे तिच्यापुरते पाणीही राखले गेले. त्यामुळे पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या शहरांना नवी योजना आखताना हा जुना हक्क आधी मोजावा लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र, मोजलेला जलहक्क नाही.

नियोजनात काय मोजावं?

मलनिस्सारण असलेल्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटरचा निकष आहे. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी ५५ लिटर. धरणाच्या काठावर राहणाऱ्या पाड्याला निदान तेवढे तरी मिळते का, हे शहराच्या आराखड्यात कुठेच येत नाही. नवा स्रोत धरण्याआधी तीन गोष्टी तपासता येतील :

१. स्रोताच्या वरच्या गावांचे पुनर्वसन आणि नळपाणी पूर्ण आहे का?
२. खाली नदीत किती पाणी उरते? नर्मदेच्या मुखाशी भरूच परिसरात खारेपणा वाढला आणि मच्छीमारांचा धंदा बसला, हे समोर आहे.
३. गळती आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांतून आधी किती पाणी वाचते?

लोकांनी आधी बोललं तर फरक पडतो. पार-तापी-नर्मदा जोड प्रकल्पाला डांग, वलसाड, नवसारीच्या आदिवासींनी विरोध केला. मे २०२२ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना तो रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. धरण भरल्यावर अशी माघार घेता येत नाही. म्हणून वरच्या गावांचा हिशेब पाइप टाकण्याआधीच व्हायला हवा.