एक रत्तल धान्य आणि दहा मैलांची वाट

संकटातल्या माणसाला सरकारने मदत करावी, हे आज कोणी नाकारत नाही. वाद होतो तो अटींवर. मदत घेणाऱ्याने काम किती करावे, कुठे करावे आणि त्याचा मोबदला किती असावा, यावर. हा वाद आपल्या महाराष्ट्रात किती जुना आहे, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

१८७६ साली पाऊस बुडाला आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला. सरकारने रस्ते, तलाव अशी दुष्काळी कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी धाडले. याच टेंपलसाहेबांनी १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसे जगवली होती. पण उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली होती. आता त्यांना काटकसर सिद्ध करायची होती. त्यांनी ठरवलेली मजुरी अशी : पुरुषाला दिवसाला एक रत्तल, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य येईल एवढे पैसे आणि वर एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. शिवाय काम घरापासून दहा मैलांवर. खरा भुकेला असेल तो तेवढे चालेल, असा हिशेब! मात्र जो खरोखर उपाशी, त्याच्याच पायांत चालण्याचे बळ नसते, हे त्या हिशेबात धरले नव्हते.

मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्टकरी माणूस जगणार नाही, असे बजावले. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी दूरच्या छावण्यांवर जायला नकार देऊन कामे सोडली. उपाशी माणसांचा हा संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गावोगावची माहिती मिळवून तिने सरकारकडे निवेदने पाठवली.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण अजून अनेक घरांत आहे. बायाबापड्यांनी खडी फोडली, मुलांनी सुकडी खाल्ली. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पाच किलोमीटरच्या आत काम देण्याचे बंधन घातले. ते जमले नाही तर दहा टक्के जादा मजुरी.

काम तेच, माती-दगडांचे. पण १८७७ मध्ये भूक सिद्ध करण्याचा भार मजुरावर होता. शंभर वर्षांनी काम पुरवण्याचा भार सरकारवर आला. पंधरा दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता.

कायद्यातला हा हक्क प्रत्यक्षात अनेकदा रखडतो, मजुरी उशिरा मिळते, हेही खरे. म्हणून मला वाटते, अशा योजनेची अट बदलली जाते, तेव्हा एकच प्रश्न विचारावा : या अटीने गरजू माणूस कामापर्यंत पोहोचेल, की वाटेतच गळेल?