कानात बसणाऱ्या ईअरफोनचं घराणं

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाइलच्या दुकानात ईअरफोन घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, ‘बेस कसा आहे?’ दुकानदार खोक्यावर छापलेला आकडा दाखवतो, दहा मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), आणि व्यवहार होतो. प्रश्न रास्त आहे. नाशिक ढोलाच्या गावात खर्जाची ओढ असणारच. पण उत्तर खोक्यावर सापडत नाही, ते विचारणाऱ्याच्या कानाच्या नळीत असतं. असं का, ते कळण्यासाठी या वस्तूचं कूळ पाहावं लागतं. बहुतेकांना ते आयपॉडपर्यंत, फार तर वॉकमनपर्यंत ठाऊक असतं. प्रत्यक्षात ते टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालं, कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या सोबतीनं कित्येक दशकं वाढलं आणि मग संगीताकडे आलं.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते २८ जानेवारी १८८२ रोजी, कोलकाता आणि मद्रासबरोबरच. त्या काळी कानाला लावायचं यंत्र हातात धरावं लागे, आणि दिवसभर जोडण्या करणाऱ्या माणसाचा एक हात त्यातच अडके. १८९१ साली एर्नेस्त मर्काडिए या फ्रेंच अभियंत्याला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. दोन्ही कानांत बसणारे दोन छोटे टेलिफोन, एका तारेनं जोडलेले, आणि सगळं मिळून वजन पावणेदोन औंसांच्या आत, म्हणजे पन्नास ग्रॅमहून कमी. टोकांवर रबराचं आवरण होतं. कान घासू नये हा त्याचा एक हेतू आणि बाहेरचा आवाज अडावा हा दुसरा. आज हजारो रुपयांच्या ईअरफोनवर जी रबरी टोपी असते तिची दोन्ही कामं या माणसानं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नेमकी सांगून ठेवली होती. वीस वर्षांनी, १९१० च्या सुमारास, युटातल्या नॅथानिएल बाल्डविननं आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. ते कानावर बसणारे होते, म्हणून या शाखेत मोडत नाहीत. पण त्यांच्या पोटातली रचना, दोन चुंबकध्रुवांच्या मधोमध तोलून धरलेली लोखंडी पट्टी, पुढे या कथेत फार महत्त्वाची ठरली. तिला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात.

या कुळाची खरी जडणघडण श्रवणयंत्रात झाली, आणि ईअरफोनच्या जाहिरातींत तिचा उल्लेख कधी येत नाही याचं मला वाईट वाटतं. अंगावर वागवता येणारी व्हॅक्यूम ट्यूबची श्रवणयंत्रं १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. १९५२ च्या अखेरीस त्यांत ट्रान्झिस्टर आला. सर्वसामान्य माणसाच्या हाती पडलेल्या ट्रान्झिस्टरच्या पहिल्या वस्तूंत श्रवणयंत्राचा मान मोठा आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत ते पाहिलेलं आहे: आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटीहून थोडी मोठी पेटी, तिच्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला बारीक पिना, त्या पिना एका गोल बटणात रोवलेल्या आणि ते बटण कानाच्या आकाराच्या साच्यात बसवलेलं. सरकारी योजनांतून अशी पेटीची यंत्रं अनेक वर्षं वाटली गेली. खिशात यंत्र, गळ्यावरून वायर आणि कानात घट्ट बसणारा बोळा ही वेशभूषा वॉकमनच्या आधी निदान चाळीस वर्षं रूढ होती.

तो साचा कसा करतात हे पाहण्यासारखं आहे. तज्ज्ञ आधी कानाच्या नळीत दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा छोटा बोळा ठेवतो, म्हणजे मिश्रण पडद्यापर्यंत जात नाही. मग मऊ मिश्रण आत सोडतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि बाहेर काढल्यावर त्या माणसाच्या कानाची हुबेहूब प्रत हाती येते. नळी सरळ नसते, तिला दोन वळणं असतात, आणि एकाच माणसाचा डावा-उजवा कानही सारखा नसतो. नाशिकच्या माई लेले श्रवण विकास विद्यालयासारख्या शाळांतल्या पालकांना हे कोणी समजावून द्यावं लागत नाही. मूल वाढतं तशी नळी वाढते, साचा सैल होतो, फटीतून आवाज निसटून यंत्र शिट्टी वाजवतं, आणि नवा साचा करावा लागतो. साचा सैल तर यंत्र कितीही भारी असो, उपयोग नाही. हे ज्ञान संगीताच्या बाजारात पोचायला फार उशीर लागला.

मधल्या काळात कुळाची दुसरी शाखा फुटली. १९५४ साली अमेरिकेत रिजन्सी टीआर-१ हा खिशातला रेडिओ आला आणि त्यासोबत एका कानाचा छोटा ईअरफोन वेगळा विकत मिळे. आपल्याकडे ट्रान्झिस्टर आला तेव्हा तोही आला. कचेरीत, वर्गात, एसटीत एका कानात ती पांढुरकी गुंडी घालून बाळ ज. पंडित यांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकणारी माणसं एका पिढीला आठवतील. समालोचनाला एक कान पुरतो आणि खर्ज नसला तरी चालतं.

१ जुलै १९७९ रोजी सोनीनं वॉकमन विक्रीला आणला, तोही कानावर बसणाऱ्या स्पंजच्या हेडफोनसह. १९८२ मध्ये त्याच कंपनीनं कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट वाटीत बसणारा ईअरफोन काढला. पूर्वी लग्नात अत्तराचा फाया जिथे खोवत, त्याच्या जवळपासच तो टेकतो, नळीच्या तोंडाशी, आत शिरत नाही. कॅसेटच्या जमान्यात हाच घरोघरी पोचला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटवरचं शास्त्रीय गाणं किती जणांनी अशा ईअरफोनवर ऐकलं असेल! २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आयपॉड जाहीर झाला, त्यासोबतच्या प्रसिद्ध पांढऱ्या ईअरफोनची जातही हीच. गाणं हजारपटीनं वाढलं, पण कानाशी फट तशीच राहिली.

ती फट म्हणजे काय, इथे थोडं थांबायला हवं. साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची कानाची नळी टोपीनं बंद केली की टोपी आणि कानाचा पडदा यांच्यात एक-दोन घनसेंटिमीटर हवा कोंडली जाते. एवढ्याशा हवेवर दाब आणायला ईअरफोनचा इवलासा पडदाही पुरतो. म्हणूनच काही मिलिमीटरचा ड्रायव्हर पखवाजाचा धूम ऐकवू शकतो, जे काम उघड्या खोलीत करायला दहा इंची स्पीकर लागतो. पण कोंडलेल्या हवेला केसाएवढी वाट मिळाली की संथ कंपनांचा दाब तिथून निघून जातो. सगळ्यात आधी खर्ज जातो. मधले आणि वरचे स्वर जवळजवळ तसेच राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला ईअरफोनच ‘पातळ’ वाटतो. महात्मा गांधी रोडवरच्या बेसच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

श्रवणयंत्राच्या जगाला हे पाठ होतं. अमेरिकेतल्या नोल्स या कंपनीनं बाल्डविनच्या तोललेल्या पट्टीची रचना लहान करत करत कानात मावेल एवढी केली होती. १९७२ मध्ये याच कंपनीनं केमार नावाचा पुतळा बनवला, श्रवणयंत्रांची मोजणी करण्यासाठी माणसाचं सरासरी डोकं, कान आणि धड असलेला. १९८१ साली कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या धातूच्या कपलरचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आयईसी ६०७११. कोणता स्वर किती मोठा येतो हे दाखवणारे ईअरफोनचे जे आलेख पाहून आज लोक चर्चा करतात ते बहुतेक याच धर्तीच्या कपलरवर घेतलेले असतात. म्हणजे गाण्याच्या यंत्राची परीक्षा आजही श्रवणयंत्राच्या मोजपट्टीनं होते.

नोल्समध्ये दीर्घकाळ काम केलेले मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचं सुरुवातीचं उत्पादन श्रवणतपासणीत वापरायचा, कानात घालायचा ईअरफोन होता. त्यातूनच १९९१ मध्ये ईआर-४ हा संगीताचा ईअरफोन आला, तीन पदरी रबरी टोपीचा आणि नळीत खोल बसणारा. तो घालणं अनेकांना नकोसं वाटे आणि किंमतही चैनीची होती. तरीही मर्काडिएच्या दोन्ही अटी आणि श्रवणयंत्राचं शहाणपण या एका वस्तूत प्रथमच संगीतासाठी एकत्र आलं, म्हणून आजच्या ईअरफोनचा मूळपुरुष मी यालाच मानतो. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादकाला मंचावर स्वतःचं नीट ऐकू यावं म्हणून कानाच्या साच्यात दोन ड्रायव्हर बसवले. अल्टिमेट इअर्स ही कंपनी त्यातून उभी राहिली. आज मोठ्या मराठी संगीत-कार्यक्रमांतही गायकाच्या कानामागून जाणारी बारीक वायर दिसते, ती याच वाटेनं आलेली.

पुढचा भाग बाजाराचा आहे आणि थोडक्यात आटोपतो. दुसऱ्यांसाठी माल बनवणाऱ्या चिनी कारखान्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्वतःच्या नावानं ईअरफोन काढले. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी कोणता सूर बहुतेकांना आवडतो याचे प्रयोग करून आलेख प्रसिद्ध केले, आणि त्या आलेखाबरहुकूम ईअरफोन घडवणं कोणालाही शक्य झालं. आपल्याकडे बोट या ब्रँडनं स्वस्त आणि भरपूर बेसचा ईअरफोन गावोगाव नेला. मधल्या किमतीचा, म्हणजे माझ्या हिशेबी दोन ते सहा हजारांचा, चांगला ईअरफोन शक्य झाला तो या सगळ्यामुळे.

या पैशांत काय पाहावं? पहिली टोपी, मग बाकी सगळं. खोक्यात निदान तीन मापांच्या टोप्या हव्यात, आणि डाव्या कानाला एक माप नि उजव्याला दुसरं लागलं तर त्यात काही वावगं नाही. दाबून घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर नळी बंद झाली आहे. रबर टिकत नसेल तर फोमच्या टोप्या वेगळ्या घ्याव्यात. दाबून बारीक केलेला फोम आत गेल्यावर फुगतो आणि नळीची वळणं भरून काढतो. स्वच्छतेच्या कारणानं दुकानात ईअरफोन कानात घालू देत नाहीत, ते योग्यच आहे. आपल्या टोप्या सोबत नेल्या आणि त्या चढवून ऐकण्याची विनंती केली, तर काही दुकानदार हो म्हणतात.

दुसरी गोष्ट वायर. सुटी होणारी वायर हवी, कारण ईअरफोन बहुधा प्लगपाशी किंवा कानापाशी वायर तुटूनच मरतो. तिसरी गोष्ट प्लेअरची. वेगळा म्युझिक प्लेअर वापरत असाल तर त्याच्या आउटपुटचा रोध ईअरफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा असा जुना दंडक आहे. सोळा ओहमच्या ईअरफोनला दोन ओहमपेक्षा कमी. अनेक आर्मेचरच्या ईअरफोनचा रोध स्वरागणिक बदलतो, तिथे हा दंडक मोडला तर सूरच बदलतो. एका डायनॅमिक ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉइलनं पडदा हलवणाऱ्या, ईअरफोनला त्याचा त्रास जवळजवळ नसतो. म्हणून या किमतीत मी एकच चांगला डायनॅमिक ड्रायव्हर सुचवतो, ‘दहा ड्रायव्हर’ लिहिलेलं खोकं नव्हे.

ऐकून पारखायला आपलंच संगीत घ्यावं. तंबोऱ्याची जवारी ही उत्तम कसोटी आहे: खर्जाच्या तारेचा पाया आणि तिच्यातून उमटणारे वरचे स्वर एकाच वेळी, एकाच वस्तूतून आल्यासारखे ऐकू यायला हवेत. डग्ग्याची मींड सलग सरकली पाहिजे. मग नाशिक ढोल लावावा. टिपरूचा आघात आणि मागचा घुमारा वेगळे कळावेत, आणि ताशाची कडकड कानाला टोचू नये. ताशा टोचला तर तो ईअरफोन परत ठेवावा, कारण नंतर सवय होईल असं समजून घेतलेला कर्कश ईअरफोन शेवटी खणात पडून राहतो.

हे सगळं पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबईला जाणाऱ्या पासधारकांसाठी तर आणखी मोलाचं. कसाऱ्याच्या घाटातल्या बोगद्यांत डबा घुमू लागला की उघडा ईअरफोन वापरणारा माणूस आवाज वाढवतो, आणि घाट संपला तरी कमी करायचं विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे. त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाचच तास उरतात, म्हणजे पंचवटीच्या जाण्यायेण्याचा एक दिवसही पुरा होत नाही. घट्ट बसलेली टोपी गाडीचा आवाज बाहेर अडवते आणि गाणं हळू आवाजात पुरतं. अर्थात, असा ईअरफोन रस्ता ओलांडताना किंवा रुळांजवळ कानात ठेवू नये.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी नाशिकमध्ये आश्रम केला आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये ऐन तारुण्यात गेले. या पुत्राचं जे गाणं उरलं आहे त्यातलं बरंचसं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं. त्यांत खोल खर्ज नाही, सुईची खरखर मात्र आहे. ज्या ईअरफोनमध्ये आठ हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटा असतो तो ही खरखर पुढे आणतो. आलेखातला त्या जागेचा उंचवटा कपलरचा स्वतःचाही असू शकतो, आणि टोपी किती खोल बसते त्यावर तो सरकतो, म्हणून इथे आलेखावर विसंबू नये. टोपी थोडी आत सरकवून किंवा माप बदलून पाहावं. पुष्कळदा खरखर मागे जाते आणि गळा पुढे येतो.