बाबांची व्हीआरएस आणि माझी एक्सेल शीट

परवा बाबांना माझी एक्सेल शीट सापडली. म्हणजे झालं असं, की त्यांच्या पेन्शनचा एक कागद दाखवायला मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि भलतीच फाइल उघडली. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'वय ४८ – राजीनामा'. मी आता सेहेचाळीसचा आहे.

तीस वर्षं बँकेत आकडे बघितलेला माणूस! त्यांनी चष्मा लावून शीट शेवटपर्यंत वाचली, महागाईचा दर ठीक धरलायस म्हणाले आणि मग विचारलं, "तुला कोणी जा म्हणालंय का?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही. म्हणून हा लेख.

निवृत्तीचं वय ही आपल्याला निसर्गनियमासारखी वाटणारी गोष्ट फार जुनी नाही. १८८९ साली बिस्मार्कच्या जर्मनीत सरकारी वृद्धत्व पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय ठरलं ७०. ते ६५ झालं १९१६ साली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचं वय १९६२मध्ये ५५चं ५८ झालं आणि १९९८मध्ये ६०. म्हणजे आकडा सारखा बदलत आला, पण ठरवणारा कायम दुसराच कोणीतरी. नोकरदाराने फक्त नारळ, शाल आणि भाषणं स्वीकारायची.

बाबांच्या बाबतीत तर साठही आले नाहीत. बँकांमध्ये संगणक येणार, येणार हे ऐशीच्या दशकापासून चालू होतं. संघटनांचा विरोध होता, मोर्चे होते. १९८३मध्ये संघटना आणि बँका यांच्यात करार झाला, १९८४मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने सरकारी बँकांना बजावलं, की १ जानेवारी २००१पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर गेले पाहिजेत. आणि त्याच सुमारास, २०००-०१मध्ये, आली स्वेच्छानिवृत्ती योजना, म्हणजे व्हीआरएस. वय ४० किंवा नोकरी १५ वर्षं झालेली असली की अर्ज करता येई. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं जे कमी असेल ते. सरकारी बँकांतून लाखाहून जास्त माणसं त्या एका योजनेत बाहेर पडली.

त्यांतले एक बाबा. वय ५२. नावात 'स्वेच्छा' होती, पण शाखेत कुजबुज अशी, की थांबेल त्याची लांब बदली होईल. आईचं दुखणं होतं, माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. बाबांनी सही केली. त्यानंतर सहा महिने ते रोज साडेनऊला आंघोळ, पूजा आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत. कुठे जायचं नसे. भाजी आणायची तर ती शाखेच्या रस्त्यावरच्या मंडईतून, स्कूटरवर. घराजवळ मंडई असताना!

त्याच वर्षी मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पहिलं काम एका परदेशी बँकेचं. पाच माणसं दिवसभर बसून जे रिपोर्ट जुळवत, ते रात्रीत आपोआप तयार व्हावेत असा प्रोग्राम लिहायचा. तो चालला त्या दिवशी आम्ही पार्टी केली. ती पाच माणसं पुढे काय करणार हे मी विचारलं नाही. घरी आलो तर बाबा गॅलरीत बसलेले. दोन गोष्टींचा संबंध लावायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या धंद्यात मात्र निवृत्तीची गोष्ट उलटी सुरू झाली. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९९३मध्ये शेअर बाजारात आली, १९९४पासून तिने कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली आणि १९९९मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली. पगारदार मध्यमवर्गीय माणूस चाळिशीत कोट्यधीश होऊ शकतो, हे त्या दशकाने पहिल्यांदा दाखवलं.

मग तिकडून हिशोबही आला. १९९४मध्ये विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने जुने आकडे तपासून मांडलं, की पहिल्या वर्षी साठवणीतले साधारण चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले तर पैसा तीस वर्षं पुरतो. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमवा आणि सुटा. पीटर एडनी नावाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर २००५मध्ये तिशीतच सुटला आणि २०११पासून त्यावर लिहू लागला. जगभरच्या प्रोग्रामरांनी त्याला गुरू केलं. महिना ८० हजार खर्च धरला तर पंचवीसपट म्हणजे २ कोटी ४० लाख. फक्त बेंगनचे आकडे अमेरिकेचे, आणि तीस वर्षांचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुटणाऱ्याला कदाचित चाळीस वर्षं काढायची असतात. म्हणून माझ्या शीटमध्ये चाळीसपट आहे!

पण हे सगळं 'कसं'चं उत्तर झालं. बाबांनी विचारलं होतं 'का'.

काम नकोसं झालंय का? खरं सांगतो, कोड लिहायला मला अजून आवडतं. रात्री अकराचे कॉल आवडत नाहीत. २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला तेव्हा आमच्या ग्रुपवर केवढा दंगा झाला. पण नुसते तास असते तर कमी तासांची नोकरी शोधली असती. खरं कारण वेगळं आहे. २०२५च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. माझ्या वयाचे. त्या संध्याकाळी मी ही शीट उघडली होती. तारीख बघितली तर तीच निघाली.

म्हणजे मला निवृत्त व्हायचं नाहीये. कोणी 'जा' म्हणण्याआधी स्वतः जायचंय, एवढंच. जे यंत्र बाबांच्या टेबलापर्यंत आलं ते माझ्या टेबलापर्यंत येताना मला दिसतंय, आणि ते घडवण्यात माझाही हात आहे.

हे मी काल बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तारीख निवडता आली नाही. तू निवड, चांगलं आहे. पण सोमवारी सकाळी साडेनऊला काय करणार, ते त्या शीटमध्ये कुठे दिसलं नाही मला."

आज सकाळी मी शीटमध्ये एक नवीन रकाना केलाय. अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कोणी आधीच सुटलं असेल तर जरूर सांगा, तुम्ही तो कसा भरलात.